पत्रे उतरवनाऱ्याचं कार्ड

माजा जन्म नायगावचा, खाडीच्या अंगाचा. आता तिथं टॉवर बघता ना तुमी, त्याच्या पलीकडं सगळी मिठागरं होती, माजा बाबा मिठागरात, आय पन मिठागरात, आनि मी त्यांच्या मागं. पन माज्या वयाची पोरं हाताशी आली तोवर मिठाचं काम सुटत चाललेलं, मुकादम म्हनाला, जनार्दन, तू आता दुसरं काय तरी बघ, इथं तुजं पोट भरनार नाय. तर वसई पूर्वेला गाळे उठत होते, एकाला लागून एक, नुसते कारखाने, आनि प्रत्येक गाळ्याला वर सिमेंटचा पत्रा. तिथं एक शेट होता, पत्रे चढवायचं काम घ्यायचा, त्याच्याकडं लागलो. तो शेट अजून तोच हाय, म्हातारा झाला, मी पन झालोच की.

पत्र्यावर चालायचं ते बोल्टच्या रेषेवर, खाली लोखंड असतं तिथंच पाय टाकायचा, दोन रेषांच्या मधे पाय पडला की पत्रा फुटला आनि मानूस थेट खाली. माज्या डोळ्यासमोर एक जन गेला असा. म्हनून आमची सगळी भीती पडायची होती, धुळीची नव्हती. धूळ काय हो, धूळ सगळीकडंच असते. पत्रा करवतीनं कापायचा, भोक पाडायचं, ती पांढरी पूड डोक्यावर, भुवयांवर, शर्टाच्या घडीत. संध्याकाळी आमी खाली उतरलो की एकमेकांना बघून हसायचो, की बघा, पिठाच्या गिरनीतून आले.

लग्न झालं ते वटार गावच्या सुमनशी. तिचा बाप दुसऱ्याच्या वाडीत केळी राखायचा, गोड पान्याची सवय तिला, आनि आमच्याकडं आली तर विहिरीचं पानी खारट, साबनाला फेस येत नाय. मग ती काय करायची, माजे कामाचे कपडे आधी पडवीत दोरीवर टाकायची आनि काठीनं झोडायची, धूळ झटकायची, चांगली तोंडासमोर धरून झटकायची, आनि मगच पान्यात घालायची. रोजचं होतं ते. शेजारीन म्हनायची, सुमन, किती झोडतेस, नवऱ्याचा राग कपड्यावर काढतेस काय. ती हसायची. काय सांगू तुमाला, तो आवाज मला घराचाच आवाज वाटायचा, मी चहा पीत बसायचो आनि पडवीतून धप धप.

तर असं आयुष्य चाललं. पोरगी झाली, शिकली, सासरी गेली. आनि जे पत्रे मी जवानीत चढवले तेच आता उतरवायचं काम यायला लागलं, जुने झाले ना, लोकांना रंगीत लोखंडी पत्रे पायजेत. उतरवायला काय, बोल्ट तोडायचा, पत्रा खाली सोडायचा, फुटला तर फुटला.

मग एक मोठा कारखाना परदेशी कंपनीनं विकत घेतला. त्यांचा साहेब आला नि शेटला म्हनाला, हे पत्रे कोनी पन काढायचे नाय, ह्यात ॲस्बेस्टॉस हाय, ज्याच्याकडं शिक्षनाचं कार्ड हाय, ज्याची छाती डॉक्टरनं तपासली हाय, त्याच्याच हाताखाली काम होईल, आनि ते कार्ड दरवर्षी नवीन करायचं. आता असं कार्ड आमच्याकडं कोनी ऐकलं पन नव्हतं. शेट मला म्हनाला, जनाभाय, तू जुना मानूस, लिहिता वाचता येतं, तू जा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सुमनला पन झाला, तिनं इस्त्रीचा शर्ट काढून दिला. ती तेवा खोकत होती, बरेच दिवस खोकत होती, टीबीच्या गोळ्या पन खाऊन झालेल्या, पन खोकला काय जात नव्हता.

कोर्स ठान्याला, एका मोठ्या हॉलात. सगळ्यांची दाढी करायला लावली, कारन दाढी असली की मास्क चेहऱ्याला चिकटत नाय. मास्क लावून डोक्यावर पिशवीसारखं घालतात आनि आत कडू औषध फवारतात, जिभेला कडू लागलं तर समजायचं मास्कमधून हवा आत येते. मला पहिल्या वेळी कडू लागलं. शिकवनारी एक बाई होती, पुन्याची, चांगली बाई, समजावून सांगायची. ती म्हनाली, पत्रा आधी साबनाच्या पान्यानं भिजवायचा, अख्खा उतरवायचा, फोडायचा नाय, जाड प्लॅस्टिकमधे बांधायचा. त्यातला धागा डोळ्याला दिसत नाय, फुफ्फुसात जाऊन बसतो आनि किती तरी वर्षांनी त्रास देतो. मी सगळं ऐकत होतो. मग ती म्हनाली, कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, कधीच नाय, कारन घरची बाई ते कपडे झटकते आनि धूळ तिच्या छातीत जाते, कामाला न गेलेल्या बायका ह्यानं आजारी पडल्यात.

पुढं ती काय बोलली ते मला ठाऊक नाय. मी बसलो होतो तिथंच, बाकीचे लिहून घेत होते, पन माज्या कानात फक्त ते धप धप.

जेवायच्या सुट्टीत मी बाईंकडं गेलो, म्हनालो, बाई, एखाद्या बाईनं लग्नापासून असे कपडे झोडले असतील तर. ती म्हनाली, तुमची बायको का. मी मान हलवली. म्हनाली, खोकला हाय का तिला. तिनं मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलचं सांगितलं, म्हनाली, डॉक्टरला कपड्याची गोष्ट नक्की सांगा, ते स्वतःहून विचारनार नाय.

तसंच झालं. डॉक्टरनं सुमनला विचारलं, तुमी कुठं कामाला होता. ती म्हनाली, मी कुठंच नाय, मी घरीच. मग मी सांगितलं कपड्याचं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. सगळ्या तपासन्या झाल्या, नि तो म्हनाला, फुफ्फुस कडक झालंय, हे मागं फिरत नाय, जपायचं फक्त. नुकसानीचं कुनाकडं मागता येईल का म्हनून मी एका वकिलाला विचारलं, तर तो म्हनाला, कागदावर तुमीच शेटचे कामगार नाय, तर तुमची बायको कोन लागनार त्याची. बोलायला तो वाईट नव्हता, पन बोलला ते असं.

कार्ड मात्र मिळालं. माजा फोटो, माजं नाव. त्या कारखान्याचं काम आमी नीट केलं, पंपानं पानी मारून, पांढरे झगे घालून, साहेब खूश. मग शेटला अशी कामं यायला लागली, आनि सगळीकडं कार्ड माजंच, कारन दुसरा कोन हायच नाय. सुमनला घरी ऑक्सिजनचं मशीन लागलं, ते शेटनं आनून दिलं. मी मागितलं नव्हतं, त्यानंच आनून दिलं, माज्या घरी आला, सुमनला भाभी म्हनाला, डोळ्यात पानी होतं त्याच्या. आता अशा मानसाला काय म्हनायचं, सांगा.

एकदा काय झालं, एक जुनी शेड उतरवायची होती, भिंतीला भिंत लागून बालवाडी. पाऊस तोंडावर आलेला, शेटला घाई. मी पोचलो तर मानसं बिनामास्कची वर, पानी बिनी काय नाय, पत्रे वरून खाली टाकतायत, फुटतायत, आनि पलीकडं पोरांचं गानं चाललंय. मी ओरडलो, थांबा. शेट म्हनाला, जनाभाय, तू कार्डवाला, खुर्ची टाकून बस, शेवटी काम नीट झालं म्हनून सही कर, आज पानी मारत बसलो तर आठवडा जाईल. मी म्हनालो, शेट, पोरं हायत. तो म्हनाला, अरे इतकी वर्षं टाकले ना पत्रे, मेलं का कोन. बोलला नि नजर खाली घातली, त्याला सुमन आठवली असेल. पन मागं काय हटला नाय.

मी गेलो बालवाडीत. तिथल्या बाईंना म्हनालो, पोरांना घरी पाठवा, खिडक्या लावा. तिनं विचारलं, का, तर मी धुळीचं सगळं सांगितलं. थोड्या वेळात पोरांच्या आया जमल्या, एकच गोंधळ, काम बंद. शेट सगळ्यांसमोर मला म्हनाला, तुज्या बायकोचं मशीन कुनी आनलं ते विसरलास काय. विसरलो नव्हतो. ते सोडून दुसरं काय आठवतच नव्हतं त्या वेळी.

घरी बसलो. वाटलं, सुटलो. एका टॉवरमधे वॉचमनचं विचारून आलो, ते म्हनाले जवान मानूस पायजे. आनि शेटचाच निरोप आला, ये बाबा, रविवारी कर, पोरं नसताना कर, पानी मार, तुला पायजे तसं कर, पन ये, तुज्या कार्डाशिवाय मला कोन मोठं काम देत नाय. ती शेड मग मी नीट उतरवली. पन तुमाला खरं सांगू, शेट मला काढू शकत नाय, आनि मी त्याला सोडू शकत नाय, कारन मशीन बिघडलं, औषध संपलं, की फोन मी त्यालाच करतो. ज्या पत्र्यानं तिची छाती खाल्ली त्याच पत्र्याच्या कामावर तिचा श्वास चाललाय. लहान कामांना तर तो मला सांगत पन नाय, मानसं पाठवतो आनि तसेच फोडून मोकळे होतात, मला रस्त्यानं जाताना तुकडे दिसतात.

आता मी कामावरच आंघोळ करतो, कपडे तिथंच सोडतो. आमच्या घरावर पन तोच पत्रा हाय. कोर्सच्या बाई म्हनाल्या होत्या, चांगला असेल तर हात लावू नका, रंग मारून ठेवा. मग रंग मारला. तिच्या डोक्यावर तो, रात्रंदिवस.

मागच्या महिन्यात कार्ड नवीन करायचं होतं, छातीची तपासनी झाली. मी मनातून म्हनत होतो, काय तरी निघू दे माज्या छातीत, म्हंजे कार्ड जाईल, शेट पन सोडेल, सगळंच सुटेल. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हनाला, एकदम साफ हाय काका, अजून पुष्कळ वर्षं काम कराल. मी जिन्यात बसून राहिलो.

घरी आलो तर सुमन खाटेवर उठून बसलेली, नाकाला नळी, माजीच वाट बघत होती. म्हनाली, काय म्हनाला डॉक्टर. मी म्हनालो, ठीक हाय. नीट सांगा, ती म्हनाली. मग सांगितलं, की साफ हाय, काय नाय झालं मला. तिनं दोन्ही हात जोडले, वर बघितलं, बोलायला दम लागतो तिला, थांबत थांबत म्हनाली, एकवीरा आयनं ऐकलं माजं, रोज तेवढंच मागत होते.