माणशी एक किल्ली

...आणि वर काका मलाच म्हणतात, "दीक्षा, तुह्या मशीननं माही बायको खाल्ली!" मी? मी खाल्ली? तुम्हाला सांगते, आमच्या अकोल्यातल्या रक्तदाता मंडळाची यादी अध्यक्ष भगवंतराव काकांनी बारा वर्षं एक्सेलमध्ये जपली, एकशे चाळीस ओळी, आणि ती नव्या डेटाबेसमध्ये ओतायचं टूल लिहिलं मी! डेटाबेस साधा हो... एक किल्ली, तिच्यामागे एका माणसाची माहिती. तीच किल्ली पुन्हा आली की जुना माणूस पुसला, नवा बसला. म्हणून पहिल्या दिवसापासून ओरडतेय, काका, माणशी एक किल्ली! प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्या! तर काका काय म्हणतात? "अवं पोरी, मोबाईल नंबर हाय ना! तोच कर किल्ली." आणि मोबाईल कोणाचा? घरच्या कर्त्याचा! चार माणसांपुढे एकच नंबर! "बाईमाणसाले येगळा काहून पायजे वं?" मंडळातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. घ्या म्हटलं!

आता ऐका. काका पडले सभ्य... यादीत लेडीज फर्स्ट! प्रत्येक घरात बाया वर, पुरुष खाली. टूल वरून वाचत गेलं आणि बायांना पुसून पुरुष बसवत गेलं! एकशे चाळीस आत गेले, एकावन्न उरले... बाई शोधून सापडेना! माणशी एक किल्ली, मी काय उगाच ओरडत होते?

आणि नेमका दवाखान्यातून फोन. पातूरहून बाळंतीण आणलीय, ओ निगेटिव्ह पाहिजे, ताबडतोब! डेटाबेस म्हणतो, कोणीच नाही. जुनी एक्सेल उघडली... अख्ख्या यादीत ओ निगेटिव्ह एकच. सुभद्रा काकू! काकांच्याच घरच्या! नंबर लावला, उचलला काकांनी. "ते पोया करून राह्यली. मले सांग ना, काय काम हाय?" अहो, तुमचं रक्त बी पॉझिटिव्ह, तुम्हाला काय सांगू? स्कूटी काढली, काकूंना पिठाच्या हातांनी मागे बसवलं, सुटले! बाळंतीण वाचली.

दुसऱ्या दिवशी टूल नव्यानं लिहिलं. तीच किल्ली परत आली तर पुसायचं नाही, थांबायचं, विचारायचं! सभेत उभी राहिले... माणशी एक किल्ली, नाहीतर दुसरी पोरगी शोधा! मान्य! काकूंना क्रमांक एक! म्हटलं, काकू, आता तुमचा स्वतःचा मोबाईल नंबरही सांगा. काकू लाजल्या, "हाय ना माय, नवाच घेतला..."

मग दाखवा की!

"ह्यायच्या खिशात हाय."

...आता खिशातून फोन काढायचं टूल मी कशात लिहू, सांगा!