वारलूसाठी वर केलेली पाटी

जबाब, दि. २२/०६/२०२५

बापूराव सोमाजी खोब्रागडे, वय ६१ वर्षे, धंदा कोळसा खाणीत पंप ऑपरेटर (सेवानिवृत्त), रा. घुग्घुस, ता. जि. चंद्रपूर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगतो की, मी गावच्या 'काळा वाघ' कबड्डी संघाचा पहिल्या दिवसापासूनचा समर्थक आहे. संघात मला कोणतेही पद नाही. व्यवस्थापक अतुल ताजने यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे.

आमच्या लीगमध्ये खेळाडू पाळीपाळीने निवडतात. मागच्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाची पाळी पहिली. तीन वर्षे ती आमचीच आहे. एवढा एकच मान संघाने टिकवून ठेवला आहे. पाळी आली की एका मिनिटात नाव लिहून पाटी वर करायची असते. वर गेलेली पाटी खाली येत नाही, हा नियम अतुल यांनीच करून घेतला.

संघात अकरापैकी आठ चढाईपटू आहेत. डाव्या कोपऱ्यात पकड करायला कोणी नाही. याबाबत विचारले असता अतुल म्हणाले, "बापूरावभाऊ, आपण पुढचा विचार करून राह्यलो. लॅपटॉपमध्ये सगळा हिशोब आहे." आमचा संघ पुढे जिंकणार, हे मी तीन वर्षांपासून ऐकतो आहे.

वारलू पुंगाटी, वय २३, रा. भामरागड तालुका, हा डाव्या कोपऱ्यात खेळतो. दोन वर्षे त्याने नाव दिले, पण कोणी घेतले नाही. अतुल म्हणाले, "पावसात त्याचा रस्ता बंद होते. त्याले घेऊन का करू?" म्हणून यंदा नद्या चढायच्या आत, दि. १० जून रोजी तो निघून आला व माझ्या घरी राहतो. सकाळी तो अंगणात सराव करतो. चढाई मी करतो. आजवर एकदाही परत येऊ शकलो नाही. माझा घोटा सुजलेला आहे, तो पोलिसांना दाखवला.

आज सकाळी ११ वाजता निवड सुरू झाली. चहा देण्याच्या निमित्ताने मी अतुल यांच्या मागे बसलो. पहिल्या पाळीला त्यांनी नववा चढाईपटू घेतला. दुसऱ्या पाळीला लॅपटॉप बंद पडला. अतुल टेबलाखाली वाकून वायर शोधू लागले. मिनिट संपल्याची घंटा व्हायला आली, तेव्हा मी पाटीवर वारलूचे नाव लिहून ती वर केली. हे मला मान्य आहे. पस्तावा आहे काय असे विचारले, तर नाही.

वारलू मागे भिंतीजवळ बुटांची पिशवी घेऊन उभा होता. नाव पुकारल्यावर त्याने खाली बसून बूट घातले. मला फार बरे वाटले.

माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. निवड रद्द करायची असल्यास अतुल यांनी वारलूला स्वतः सांगावे, मी सांगणार नाही. तो ठाण्याच्या पायरीवर बसला आहे. बूट त्याने अजून काढलेले नाहीत.

हा जबाब शिपाई रंजीता मडावी यांनी मला वाचून दाखवला. एके ठिकाणी 'उजवा कोपरा' असे लिहिले होते, ते 'डावा' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. वाचन चालू असताना अतुल दोन वेळा दारापर्यंत गेले आणि पायरीकडे पाहून परत आले.