बेहड्यातली बाळंतीण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — जे आपल्या नावावर आहे, त्याचं वाट्टेल ते करायला आपण मोकळे का? सातबारा माझा, डोंगर माझा, कुऱ्हाड माझी! मग विचारणारा कोण?

गंगाराम पाष्टे हेच म्हणायचा. कोकणातला माणूस, वाडीच्या वर नऊ एकर रान. ऐन, किंजळ, थोडा साग. घराचे वासे किडलेले. बायको शेवंती रोज वर बघायची आणि म्हणायची, "अहो, छप्पर डोक्यावर पडायची वाट बघताय का?"

खरंच होतं तिचं! गंगारामने ठेकेदार बोलावला. ठेकेदार म्हणाला, "निवडत बसणार नाही. सरसकट घेणार." गंगारामने मान हलवली. सरकारी परवानगी झाली. फाल्गुनात माणसं करवती घेऊन रानात शिरली.

पहिलंच झाड — जुना बेहडा, पोटात ढोली. आणि ढोलीचं तोंड लिंपलेलं! बारीक फट तेवढी उघडी. इतक्यात पंखांचा हा मोठा आवाज — धनेश पक्षी आला, फटीतून आत फळ दिलं, गेला. मंडळी, धनेशाची मादी अशा ढोलीत स्वतःला कोंडून घेते. अंडी घालते, पिसं झडतात, उडता येत नाही. सगळी भिस्त नवऱ्यावर! (माता-भगिनींनो, हसू नका. तुमच्यातल्या कितीजणी असा भरवसा ठेवतील?)

गंगाराम ओरडला, "थांबा! झाडात बाळंतीण आहे."

ठेकेदार भला माणूस. म्हणाला, "एवढंच ना? हे ठेवतो, बाकीचं तोडतो."

झालं! सुटला प्रश्न! गंगाराम बिडी पेटवून बसला. नर पुन्हा आला — झऱ्यावरच्या उंबराकडून. पुन्हा आला — वरच्या टेकाडावरून. गंगाराम बघत राहिला. बिडी बोटात विझली. एक झाड राखून काय होणार? तो जीव अख्ख्या रानातून खाणं आणत होता!

"शेठ, माफ करा. नाही द्यायचं."

"पुन्हा मी येणार नाही, पाष्टे."

"नका येऊ."

ठेकेदार गेला, आणि शेवंतीने किडक्या वाशांचा भुसा रोज झाडून त्याच्या पानाशेजारी ठेवला. चार दिवस! पाचव्या दिवशी म्हणाली, "पक्ष्याचं घर राखलंत. माझं?"

तो पावसाळा दोघांनी प्लास्टिकखाली काढला. भांडी मांडून, गळकं पाणी झेलत. पुण्य केलं की लगेच सुख मिळतं, असं मी तरी सांगणार नाही.

दिवाळी झाली. शेवंतीच उठली. "चला, बाळा मेस्त्रीला घ्या, वाशांचं लाकूड त्याला कळतं. रान बघू, आपणच निवडू."

तिघं झाडन् झाड फिरली. शेवंतीच्या हातात खुणेसाठी चुन्याची वाटी. "हा ऐन घ्या, खाली चार रोपं खुरटलीत. हा नको, बियाला राहू दे. झऱ्याच्या अंगचं एकही नाही!" मेस्त्री म्हणाला, "वहिनी, तुम्हीच मेस्त्री व्हा."

रीतसर परवानगी घेऊन अकरा झाडं तोडली. वासे झाले, उरलेलं लाकूड विकून कौलं आली. ऐनाच्या बुंध्यांना फुटवे आले, त्यातला जोमदार एकेक ठेवला, शेळ्यांपासून राखला. सहा वर्षांनी पुन्हा थोडी झाडं काढली. मग पुन्हा. रान तिथंच! वैशाखात झरा वाहता!

म्हातारपणी गंगाराम सागाची रोपं लावत होता. कुणी विचारलं, "बाबा, हा साग कधी तोडणार?"

म्हणाला, "मी कुठं तोडतोय? जो तोडेल, त्याला निवडता आलं पाहिजे."

मंडळी, तोडू नका असं मी म्हणत नाही. चुली आहेत, छपरं आहेत, पोरांची शिक्षणं आहेत. तोडा! पण एक सांगा — इथं रानाचे मालक बरेच बसलेत. स्वतःचं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी कोणी पाहिलंय? हात वर करा.

...बघा. आणि माझाही हात खालीच आहे. माझंही चार एकर आहे, मंडळी. बोला, देवाचं नाव घ्या — आणि उद्या सकाळी वहाणा घाला.