फणसाखालचं खळं

माजं माहेर राजापुराकडचं, आनि मला दिली इकडं आत डोंगरात, मालक मुंबयला वॉचमन, ते येनार गनपतीला नि शिमग्याला, म्हंजे घर कुनी बगायचं, तर मी नि माज्या सासूनं. सासूनं आल्या आल्याच सांगितलं, गो, चूल येक वेळ थंड ऱ्हायली तरी चालंल, पन खळं उखडलेलं दिसता कामा न्हाय. खळं म्हंजे घराम्होरचं अंगन वो. भात तितंच झोडायचं, वाल तितंच वाळवायचे, माज्या लेकीचं लगीनबी तितंच झालं. पाऊस सरला की चोपन्यानं चोपायचं नि शेनानं सारवायचं. सासू गेली, माजी कंबर गेली, पन सारवन काय मी सोडलं न्हाय.

आता तुकारामभावोजींचं सांगायला पायजे. चुलतदीर माजे, शेजारीच ऱ्हातात. मधी दगडाचा गडगा न्हाय, नुसता येक फनस. ते म्हनतात फनस त्यांचा, मी म्हनते माज्या खळ्यातला. फनस धपकन पडला की झाली आमची सुरुवात. काय सांगू तुमाला, लेकीच्या लग्नात ह्या मानसानं घामाघूम होऊन पंगत वाढली, नि दुसऱ्या दिवशी मांडवाचा खांब माज्या हद्दीत रोवला म्हनून बोंब मारली!

तर मागं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं, ड्रोन येनार हाय, गावठानाची मोजनी व्हनार, ज्यानं त्यानं आपली हद्द चुन्यानं आखून ठेवा, वरनं दिसली पायजे, त्यावरनं घराचं कार्ड मिळनार नि म्होरची घरपट्टी लागनार. आमी आखली. फनसापाशी दोरी धरून तासभर वाद घातला, पन आखली. मला वाटलं, आखलं म्हंजे काम झालं. आनि दिवस झोडनीचे, भाताचे भारे दारात येऊन पडलेले. सकाळी उठून बगते तर खळ्यावर ही पांढरी फकी! माजा हात कुटला ऱ्हातोय? शेनकाला केला नि सारवलं की सगळं, चुन्यासकट, लख्ख. वरनं ते ड्रोन भुंग्यावानी गुनगुनत गेलं, नि मी कंबरेवर हात ठेवून म्हनते, बग बग, कसं सारवलंय! जल्लं मेलं ते माजं ग्यान.

मंग पंचायतीत नकाशा लागला. घर माजं, पडवी माजी, नि खळं गावची मोकळी जागा. त्याच टायमाला सरकारचा नवा विकास आराखडा आलेला, किनाऱ्याकडं मोठा रस्ता जानार, नि गावागावातल्या मोकळ्या जागांवर गाड्या लावायची सोय. भाऊसाहेब म्हनले, काकी, तुमच्या खळ्यात पार्किंग दाखवलंय. मालकांना फोन केला, ते म्हनले हरकत घे, मुदत हाय अजून. हरकत घेतली, पन कागद कुटनं आनू? घरपट्टीच्या पावतीवर नुसतं घर लिवलेलं. खळ्याचा कागद कुनी करतं काय? जेवन जाईना मला. सासूला काय तोंड दावू म्हनून रडायची मी, आनि सासू तर कवाच गेलेली.

सुनावनीला मोजनीचे साहेब आले, खळ्यातच खुर्ची टाकली. म्हनले, बाई, ही जागा तुमची कशावरनं? मी म्हटलं, मी सारवते म्हनून. साहेब म्हनले, तसं चालत न्हाय, शेजारी कोन हाय त्याला बोलवा. भावोजी आले, टोपी नीट केली नि म्हनले, साहेब, ही बाई लई भांडखोर हाय. झालं! म्हटलं, गेलं माजं खळं. तर म्होरं म्हनतात, हिची सासू माज्या आयशीसंगं ह्याच हद्दीवरनं भांडली, ही माज्यासंगं भांडते, दोनदा पोलीस पाटलाकडं गेलो, त्याच्या वहीत लिवलेलं हाय. खळं गावचं असतं तर आमी दोन पिढ्या काय येडे म्हनून भांडलो? फनसाच्या पलीकडं मी नि अलीकडं ही, तिसरं कोन न्हाय हितं.

पोलीस पाटलानं वही आनली. खरंच लिवलेलं, जुनं, सासूच्या अंगठ्यासकट. साहेब हसायला लागले नि मी पदर तोंडाला लावून रडायला लागले, भावोजींच्या म्होरंच.

नवा नकाशा आला, खळं माजं, कार्डबी आलं. गाड्यांची जागा नेली वर कातळावर, तितं काय उगवत न्हाय तसंबी. घरपट्टी थोडी वाढली, ती मी हसत जाऊन भरली. आता झोप लागते बगा, गाढ.

काल फनस पडला खळ्यात. म्हटलं, उपकार हायेत मानसाचे, अर्धा कापून धाडला त्यांच्याकडं. तर तितनं वरडतात, वैनी, अर्धा कशाला, सगळाच माजा हाय! मीबी पदर खोचला नि गेले फनसाखाली. देव त्या मानसाला लई आयुष्य देवो, त्याच्याबिगर मी भांडू कुनाशी.