फक्त ब्रिटनमध्ये वाजणारा रेडिओ

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या मंदारचा पराक्रम ऐका. हा पठ्ठ्या एका चिप कंपनीत पेटंटचं काम बघतो. परवा त्याने जुन्या बाजारातून काचेच्या व्हॉल्व्हचा, सत्तरेक वर्षं जुना ब्रिटिश रेडिओ उचलला आणि तो ऐकायला आम्हाला चहाला बोलावलं. प्लग लावणार, तेवढ्यात याने मागचं लेबल वाचलं.

"थांबा! याच्या पेटंटचं लायसन फक्त ब्रिटनपुरतं आहे, तेही घरगुती वापराला. तुम्ही एवढे जण म्हणजे पब्लिक झालात."

त्याची बायको केतकी भडकली. "पेटंट वीस वर्षांत संपतं, हे रोज जेवताना कोण पकवतं? लाव गुपचूप!"

ओशाळून त्याने बटण फिरवलं. आमचा चहा संपला तरी रेडिओ ढिम्म.

केतकी म्हणाली, "चला, तुझ्या अटी मानणारं घरात एकदाचं कोणीतरी आलं!"