सतरावा खर्डा

अरबीच्या मास्तरांनी मायदेशी परतल्यावर पत्र पाठवलं होतं, "अभ्यास सोडलात का?" त्यांच्याकडे शिकलेल्या निवृत्त ग्रंथपालांनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. प्रत्येक खर्ड्यात अरबीची चूक सापडे. आज सतरावा खर्डा पाकिटात घालून ते पोस्टाच्या रांगेत उभे होते. तिथेच तिसऱ्या ओळीतली चूक आठवली. ते माघारी वळणार, इतक्यात रांगेत पुढे उभी असलेली नर्स धाकट्या भावावर कडाडली.

"हसू देत माझ्या अरबीला! तू तीन वर्षं क्लासला जातोस. कुणाशी एक वाक्य बोललास?"

"ताई, आधी पक्कं येऊ दे की."

"कधी? दात पडल्यावर? काल वॉर्डात एक अरब आजी कळवळत होती. मी मोडकंतोडकं विचारलं, कुठे दुखतंय? तिने माझा हात धरून पोटावर ठेवला. चुका नाही मोजल्या!"

"एवढी चिडतेस काय?"

"मग टाळ्या वाजवू? समोरचं माणूस वाट बघत बसतं आणि तू वह्या सजव!"

नंबर आला तशी दोघं खिडकीशी गेली. त्यांचं काम उरकलं.

"बोला आजोबा," कारकून म्हणाला.

"परदेशी पत्राचं तिकीट द्या."

त्यांनी ते पाकिटावर नीट चिकटवलं आणि तिसऱ्या ओळीसकट पाकीट पेटीत टाकलं.