किशनरावांचे साडेसात आटे

आता तुम्हीच सांगा, चूक कुणाची म्हणायची ही? त्या पत्त्यांची? सुनेची? का किशनरावची? मी तर म्हणतो किशनरावचीच, कारण पैज लाव म्हणून त्याच्या मागं कुणी लागलं नव्हतं, गप चहा पिऊन पडला असता तर निभावलं असतं... पण न्हाई. एकतीस वर्षं पाणी सोडलंय माणसानं, तो गप कसा बसंल?

तुम्हाला सांगतो, आमचं गाव निलंग्याच्या अलीकडं, नळाला पाणी आठव्या दिवशी, आणि हा किशनराव आमचा व्हॉल्वमन. म्हणजे टाकीचं पाणी कोणत्या गल्लीला कधी सोडायचं ते ह्याच्या हातात. ती कमरेएवढी लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून निघाला की लोक हातातलं काम टाकून नमस्कार करायचे, "किशनराव, आज कुणाची पाळी?" आणि हा नुसती मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणून हलली का न्हाई म्हणून हलली ते त्याच्या बायकोलाबी कळायचं न्हाई.

बायको म्हणजे रुक्मिणबाई. आता त्या बाईचं ऐका. ह्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, नळ खाली अंगणात, मधी बावीस पायऱ्या. बाकीच्यांनी नळाला गुपचूप मोटारी लावल्या, पर किशनराव म्हणायचा, "व्हॉल्वमनच्या घरी मोटार? लोक काय म्हणतील?" बरं, लोकांचं जाऊ द्या, घागर कोण उचलणार? पाण्याच्या दिवशी साहेब ड्युटीवर! म्हणजे सगळ्या गावाला पाणी ह्यानं पाजलं आणि स्वतःच्या घरात आजवर एक तांब्या वर नेला न्हाई. एकतीस वर्षं पाणी सोडलं माणसानं, आणि एकतीस वर्षं ते बाईनं वाहिलं.

मागच्या महिन्यात झाला रिटायर. हार घातला, नारळ दिला, चावी काढून घेतली. आणि मग आला पहिला पाण्याचा दिवस, गुरुवार. सकाळी उठला, दाढी केली, खाकी शर्ट घातला, सायकलपशी गेला, आणि मग ध्यानात आलं की जायचं कुठंच न्हाई. लई वाईट वाटलं हो त्याला, सायकलची घंटी पुसत उभा राहिला बराच वेळ. तेवढ्यात वरून रुक्मिणबाई म्हणली, "आज तर ड्युटी न्हाई ना? मग आजची घागर तुम्ही उचला. माझे गुडघे गेले."

गुडघे ह्याचेबी गेलेलेच की. आता सुटायचं कसं? तर वर घरात सून राजकन्या आणि नात शिवन्या पत्ते मांडून बसल्या होत्या, मीबी चहाला आलो होतो. साधे पत्ते न्हाईत बरं का, राजकन्यानं नांदेडहून, माहेरून आणलेले, त्याच्यावर पाइपाची चित्रं. कुठं सरळ पाइप, कुठं वळणाचा बेंड, कुठं तीन तोंडांचा टी. आपल्या टाकीपासून आपल्या नळापर्यंत पाइप जोडत न्यायचा. दुसऱ्यानं आपल्या पाइपावर गळतीचा पत्ता टाकला की पान्ह्याचा पत्ता टाकून ती बुजवायची. शेवटी राहील तो हरला. एवढंच.

किशनराव ते बघून हसायलाच लागला. म्हणाला, "पाइप? माझ्यासमोर पाइप खेळून राहिल्या तुम्ही? वाटा पत्ते. रुक्मिण, तूबी बस. जो हरंल त्यानं आजचं समदं पाणी वर न्यायचं." ऐकलंत ना? ह्याच्या तोंडानं म्हणला. एकतीस वर्षं पाणी सोडलं माणसानं, तो पाइपात हरंल व्हय?

झाला सुरू खेळ. तिघी आपल्या सरळ पत्ते लावून राहिल्या, एकाला एक, एकाला एक. हा मात्र सतरंजीवर डोळे बारीक करून बघतोय. पहिलाच पत्ता बेंड.

शिवन्या म्हणली, "आजोबा, सरळ जावा ना."

"सरळ कसं जाऊ? मधी नाला हाय."

"कुठंय नाला?"

ह्यानं सतरंजीची घडी दाखवली. पोरगी आईकडं बघायला लागली. आणखी दोन पत्ते झाले आणि हा पुन्हा वळला, का तर म्हणे पुढं रुक्मिणचा गुडघा, तिथं चढ हाय, पाणी चढणार न्हाई. असं करत करत ह्याची लाइन पलंगाखालून गेली ती कपाटाला वळसा घालून दाराशी निघाली. नळ राहिला सतरंजीवर!

तेवढ्यात शिवन्यानं टाकला ह्याच्या पाइपावर गळतीचा पत्ता. आणि किशनरावच्या हातात पान्हा होता बरं का. होता! मागं बसलेल्या मला दिसून राहिला होता. मी कोपरानं ढोसलं, म्हणलं टाक की. तर माझ्यावरच डाफरला, "एका गळतीला कुणी खोदतं का? तीन झाल्या की एकदम खोदायचं. रस्ता एकदाच फोडावा लागतो." त्यांच्या ऑफिसात हीच पद्धत म्हणे. आता ह्याला काय बोलणार? दुसरी गळती राजकन्यानं टाकली. हा खुश, म्हणला, "आता एकच राहिली." आणि तिसरी कुणी टाकलीच न्हाई हो, कारण तोवर तिघींच्या लाइनी नळाला लागल्या होत्या. हा हातात पान्हा धरून तिसऱ्या गळतीची वाट बघत हरला.

रुक्मिणबाई उठली, आणि घागर, कळशी, हंडा, तिन्ही ह्याच्या पुढ्यात आणून ठेवले.

बरं, नळ यायची वेळ अकरा. अकरा झाले, बारा झाले, नळ नुसता सुं सुं करून राहिला. अंगणात अख्ख्या गल्लीची भांडी लागलेली. शेजारची हुसेनबी भिंतीवरून म्हणली, "किशनभाऊ, तुम घर में बैठे तो पानी भी बैठ गया क्या जी?" आणि किशनरावचा चेहरा उजळायला लागला. पाणीच न्हाई तर वाहायचं काय?

तेवढ्यात फोन. नवा व्हॉल्वमन वैजनाथ. पन्नाशीला आलेला गडी, जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावरून उचलून व्हॉल्ववर टाकलेला. म्हणला, "काका, सकाळधरून चावी लावून राहिलोय, पहिलाच व्हॉल्व, तुमच्या गल्लीचा, फिरंना. एकबी गल्ली सुटली न्हाई. काय करू?"

आता बघा हं. तो व्हॉल्व बसवतानाच उलटा बसवलेला, जग डावीकडं फिरवतं, हा उजवीकडं उघडतो, आणि हे ठाऊक असलेला माणूस पृथ्वीवर एकच. त्यानं नुसतं "मला काय ठाव" म्हणायचं, की झालं, सुटला! बावीस पायऱ्या वाचल्या. किशनरावनं घागरीकडं बघितलं. अंगणातल्या भांड्यांकडं बघितलं. मग रुक्मिणबाईकडं बघितलं, ती दारात गुडघा चोळत उभी. पण एकतीस वर्षं पाणी सोडलं माणसानं... जीभ आवरली न्हाई.

"उजवीकडं फिरव," म्हणला. "साडेसात आटे. वर एक देऊ नको." का देऊ नको ते सांगितलं न्हाई. व्हॉल्वमन लोक का ते सांगत नसतात.

आणि आलं की पाणी! काय त्याचा जोर, काय ती धार, घागर भरायला लागले मोजून चार श्वास. किशनराव लागला वाहायला. चौदा खेपा झाल्या, घरातली टाकी भरली, हंडे भरले, आता बसावं म्हणला तर रुक्मिणबाईनं कूलर पुढं केला. मग लग्नातलं पातेलं. मग गोधड्या भिजवायचा टब. आठव्या दिवसाचं पाणी, नळ चालू असताना बसलेला माणूस आमच्याकडं कुणाला बघवत न्हाई. एक तासात बंद व्हायचं पाणी, दोन तास झाले तरी चालूच. विसाव्या खेपेला हा जिन्यातच बसला आणि वैजनाथला फोन लावला.

"वैजनाथ, बाबा, बंद कर की आता."

"काका, बंद व्हईना."

"का?"

"तुम्ही साडेसात म्हणलात. मी म्हणलं, काकांची गल्ली हाय, एवढं शिकवलं आपल्याला, हात कशाला आखडायचा? दहा दिले. आता चावी इकडं न्हाई का तिकडं न्हाई."

किशनरावनं हळूच इचारलं, "टाकीत किती हाय?"

"काळजी करू नका काका, फुल्ल हाय. सकाळधरून कुणाला सोडलंच न्हाई ना."

वरून रुक्मिणबाईनं हाक दिली, "कोण व्हतं हो फोनवर?"

"कुणी न्हाई," किशनराव म्हणला, आणि गुडघ्यावर हात देऊन उठला. "गोधड्या अजून काढ. तीन लाख लिटर येऊन राहिलंय."